सोन्याचे मांजर आणि घरातले मांजर

मांजर हातून मेले तर काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, त्यावाचून त्या पातकाचे क्षालन होत नाही, अशी समजूत महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. असे मांजर घडवून काशीची वाट किती जणांनी धरली, हा प्रश्न वेगळा. परंतु ह्या समजुतीत जी विसंगती आहे ती लक्षात घेण्याजोगी आहे. मांजर मेल्यानंतर माणसाने काय करावे हे तिने सांगून ठेवले. ते मरू नये म्हणून काय करावे, याविषयी ती मुकी आहे. प्रायश्चित्ताची तजवीज झाली, प्रथमोपचाराची राहून गेली. काशीचा धाक आज फारसा कोणाला उरलेला नाही. राहून गेलेली गोष्ट मात्र अद्याप राहूनच गेलेली आहे.

मराठी घरातील मांजराचे स्थान गेल्या दोन पिढ्यांत पार बदलून गेले. वाड्यातील, चाळीतील किंवा कोकणातल्या माजघरातील मांजर हे कोणा एकाचे नसे. उंदीर मारण्याच्या बोलीवर त्याला ताटातला घास मिळे. ते कौलांवरून शेजारी जाई, चार दिवस दिसेनासे होई, जखमा चाटीत परत येई किंवा येतही नसे. त्याच्या येण्याजाण्याची दखल घेतली जाई, दुखण्याची नव्हे. आजचे मांजर सदनिकेत राहते. त्याला नाव असते, पशुवैद्याकडे त्याची नोंद असते, त्याच्यासाठी पिशवीबंद खाणे विकत आणले जाते. आणि एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ किंवा परगावी शिकावयास राहिलेली विद्यार्थिनी यांच्या दिनक्रमात त्याला माणसाइतकीच जागा असते. जिव्हाळा वाढला हे चांगलेच झाले. परंतु जिव्हाळ्याच्या मानाने माहिती वाढली नाही, आणि माहितीवाचून वाढलेला जिव्हाळा संकटाच्या वेळी कधी कधी वैऱ्याचे काम करतो.

अपघात घडला की घरात दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. ‘मुके जनावर आहे, चाटून चाटून आपोआप बरे होईल’ असे म्हणून स्वस्थ बसणारी एक, आणि हाताला लागेल ते औषध घेऊन धावणारी दुसरी. पहिल्यांच्या हातून वेळ जातो. दुसऱ्यांच्या हातून प्राणच जाण्याचा संभव असतो. प्रथमोपचार म्हणजे घरच्या घरी केलेला उपचार, ही ह्या दोघांचीही कल्पना असते. एकाला तो अनावश्यक वाटतो, दुसऱ्याला पुरेसा वाटतो, इतकाच काय तो फरक. वस्तुतः प्रथमोपचार म्हणजे पशुवैद्याच्या टेबलापर्यंत प्राणी जिवंत पोहोचावा म्हणून केलेली खटपट. त्याहून कमी नाही आणि अधिकही नाही. ही मर्यादा एकदा मान्य केली, की ह्या विद्येचा निम्मा भाग ‘काय करू नये’ यातच सामावलेला आहे हे ध्यानात येते.

औषधाच्या डब्यातील विष

घरोघरी सापडणारे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. डोके दुखले, अंग मोडून आले, मुलाला कणकण वाटली, की ह्याच गोळीकडे हात जातो. तोच हात उद्या मांजराच्या दुखण्यातही तिकडेच वळतो. ह्याच्या मुळाशी अगदी साधी गैरसमजूत असते. निरोगी मांजराचे तापमान साधारणतः १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाला जो ताप म्हणावा, तो मांजराचा स्वभावधर्म आहे. मरगळून बसलेल्या मांजराच्या अंगाला हात लावला की ते ‘तापलेले’ लागणारच. आणि मग अर्धी गोळी कुस्करून दुधात घातली जाते. देणाऱ्याच्या मनात केवळ माया असते. परंतु ही गोळी निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची जी प्रक्रिया माणसाच्या यकृतात चालते, ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. तिला लागणारे एक जनुक मार्जारकुलात निकामी झालेले आहे. त्यामुळे औषध शरीरात साचून त्याचे विष बनते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नाहीशी होते, गुलाबी हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, श्वास लागतो, तोंडावर आणि पंजांवर सूज येते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी चार किलो वजनाच्या मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे, आणि अर्धी गोळीही निर्धोक नाही. ह्या विषावर असिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. मात्र तो पशुवैद्याच्या हातून आणि पहिल्या काही तासांत मिळाला तरच त्याचा खरा उपयोग. ॲस्पिरीन, आयब्युप्रोफेन यांचीही गोष्ट फारशी निराळी नाही. तेव्हा माणसाचे कोणतेही वेदनाशामक पशुवैद्याला विचारल्यावाचून मांजराला द्यावयाचे नाही, हा घरातील पहिला नियम झाला पाहिजे.

दुसरी चूक ‘कुत्र्याला चालते ते मांजरालाही चालेल’ ह्या समजुतीची. कुत्र्याच्या गोचिडांवर व पिसवांवर जी औषधे मिळतात, त्यांपैकी पुष्कळांत परमेथ्रिन असते. ते कुत्र्याला सोसते. मांजराला मात्र त्याने थरथर सुटते, झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो. असे औषध चुकून लागलेच, तर कोमट पाण्याने व भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने अंग धुऊन काढावे, ऊब राहील असे पुसावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा.

मांजर हे चाटणारे जनावर आहे, ही गोष्ट एरवी कौतुकाची. विषबाधेच्या दृष्टीने तीच घातक. जे जमिनीवर सांडते ते पंजाला लागते, आणि जे पंजाला लागते ते जिभेवर जाते. फरशी पुसावयाचे फिनेल, कपाटातल्या डांबरगोळ्या, निलगिरीचे तेल, सांधेदुखीचा मलम ह्या सर्वांची वाट पंजावरून पोटाकडे जाते. त्यात अलीकडे पुष्पगुच्छांतून घरी येणाऱ्या लिलीच्या फुलांची भर पडली आहे. खऱ्या लिलीची पाने, पाकळ्या, फार काय, तिचे केसांवर पडलेले पराग चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे दोनतीन दिवसांत निकामी होऊ शकतात. वाढदिवसाची शोभा म्हणून आणलेला गुच्छ मांजराच्या मृत्यूचे कारण ठरावा, आणि घरात कोणाला त्याचा संशयही येऊ नये, असे होऊ शकते.

विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी आपल्याकडे वांती करविण्याची घाई होते. मिठाचे पाणी, मोहरी, नाहीतर घशात बोट, हे जुने उपाय. मांजराच्या बाबतीत हे तिन्ही त्याज्य होत. मिठाचे पाणी स्वतःच विषासारखे बाधते. फिनेलसारखा दाहक पदार्थ असेल तर तो परत येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतो. शुद्धीवर नसलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात दूध, तूप, पाणी ओतले, तर ते पोटात न जाता फुप्फुसात जाते. अशा वेळी करावयाचे ते इतकेच: अंगाला लागलेले धुऊन टाकावे, मांजराला आणखी चाटू देऊ नये, आणि औषधाची चिठ्ठी, बाटली किंवा पुडा बरोबर घेऊन पशुवैद्याकडे निघावे. उंदीर मारण्याची काही विषे रक्त गोठू देत नाहीत आणि त्यांचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसतो. तेव्हा मांजर आज हिंडते-फिरते आहे, एवढ्यावर निर्धास्त होऊन चालत नाही.

पायांवर पडण्याचा भ्रम

‘मांजर कसेही टाका, ते चार पायांवरच पडते’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यात तथ्य आहे. पडता पडता अंग वळवून पाय खाली आणण्याची किमया मांजराला साधलेली आहे. परंतु पायांवर पडणे म्हणजे सुखरूप पडणे नव्हे. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांच्या अवधीत उंचावरून पडलेली १३२ मांजरे आली. त्यांची पाहणी १९८७ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उपचार मिळालेल्या मांजरांपैकी ९० टक्के वाचली, हा त्यातील आकडा जगभर गाजला, आणि मांजराच्या चिवटपणाची दंतकथा त्यावर आणखी पोसली गेली. त्याच पाहणीतील दुसरे दोन आकडे मात्र तितके गाजले नाहीत. पडलेल्या मांजरांपैकी ९० टक्क्यांच्या छातीला कोणती ना कोणती इजा झालेली होती, आणि ३७ टक्क्यांना प्राण वाचविण्यासाठी तातडीचे उपचार द्यावे लागले होते. शिवाय जी मांजरे जागच्या जागी मेली, ती रुग्णालयात कोण नेणार? त्यांची गणना अशा आकड्यांत क्वचितच होते. वाचलेल्यांवरून सर्वांची परीक्षा करणे हे शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखे नव्हे. ते वरवरचा भात पाहून खाली करपलेले विसरण्यासारखे आहे.

मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींतून, कबुतराच्या मागे झेप घेतलेले मांजर सज्जावरून खाली पडते. ते उठून बसते, चार पावले चालते, मोटारीखाली दडते. आणि पाहणारे ‘वाचले बुवा’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. आतमध्ये फुप्फुसाभोवती हवा साचत असते, मूत्राशय फुटलेले असू शकते, जबडा दुभंगलेला असू शकतो. ह्याची लक्षणे काही तासांनी उमटतात. म्हणून पडलेले मांजर चालत असले तरी त्याला न उचंबळवता, एखाद्या फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर घेऊन दवाखान्यात न्यावे; हाडे जागेवर बसविण्याचा खटाटोप घरी करू नये. आणि त्याहून सोपा उपाय आधीचा आहे. खिडकीस आणि सज्जास जाळी बसविण्याचा खर्च मोडलेल्या पायाच्या शस्त्रक्रियेहून पुष्कळच कमी येतो.

मुकाट्याने सोसणारे जनावर

कुत्रे दुखले की केकाटते; मांजर दुखले की लपते. रानात ज्याचे दुखणे उघड होते त्याच्यावर दुसऱ्याची धाड पडते, हा अनुभव मांजराच्या रक्तात मुरलेला आहे. त्यामुळे त्याचे दुखणे ओळखणे हाच प्रथमोपचाराचा पहिला धडा ठरतो. पलंगाखाली, कपाटाच्या मागे, न्हाणीघराच्या कोपऱ्यात दिवसभर दडून राहणे. अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडून देणे. खाण्याकडे पाठ फिरविणे, ही त्याची भाषा आहे. विशेषतः लठ्ठ मांजराने दोनतीन दिवस काही खाल्ले नाही, तर शरीरातील चरबी यकृतात साचून ते जिवावर बेतते. ‘रुसले आहे, भूक लागली की खाईल’ हा विनोद तेथे महागात पडतो.

दोन लक्षणे तर अशी आहेत, की ती दिसताच घड्याळाकडे पाहावे आणि निघावे. विसावलेले मांजर मिनिटाला साधारण वीस ते तीस वेळा, आणि तोंड मिटूनच, श्वास घेते. कुत्र्याप्रमाणे जीभ बाहेर काढून धापा टाकणे हा त्याचा स्वभाव नव्हे. मांजराने तोंड उघडून श्वास घेण्यास सुरुवात केली, किंवा हिरड्या पांढुरक्या वा निळ्या पडल्या, तर ते संकटाचे चिन्ह समजावे. अशा वेळी त्याला मांडीवर घेऊन कुरवाळणेही त्रासाचे होते. शक्य तितके न हाताळता, हवेशीर टोपलीत घालून नेणे हेच योग्य.

दुसरे लक्षण बोक्याचे. बोका वारंवार मातीच्या तसराळ्यापाशी जातो, कुंथतो, ओरडतो, मागचे अंग चाटतो आणि काही न होता परततो. घरच्यांना वाटते, पोट साफ होत नाही. एरंडेल दिले जाते, पोट चोळले जाते. बहुधा अडलेली असते ती लघवी. बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. ती खड्यांनी किंवा चिकट द्रव्याने बंद झाली, की मूत्राशय तुंबते, रक्तात विषारी द्रव्ये साचतात, हृदयाचा ताल बिघडतो आणि एकदोन दिवसांत बोका दगावतो. पोट दाबल्यास तुंबलेले मूत्राशय फुटण्याचा धोका असतो. ह्या विकारावर घरात करण्याजोगा एकही उपचार नाही. ‘उद्या सकाळी पाहू’ हे तीन शब्द तेवढे टाळता येतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ह्या म्हणीचे याहून करुण उदाहरण सापडणे कठीण.

हातांचा संयम

ज्या प्रसंगी घरच्या माणसाने खरोखरीच हात चालवावयाचे असतात, तेथेही कृती साध्या आहेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरावी आणि निदान पाच मिनिटे ती उचलून पाहू नये. उचलली की धरू पाहणारी गुठळी सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. हळद, चहाची पूड, चुना, राख ह्यांपैकी काहीही जखमेत भरू नये. पशुवैद्याला मग जखम शिवण्याआधी ते उपसून काढावे लागते. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने कापलेल्या पायालाही हाच नियम. भाजले असेल तर वाहते गार पाणी दहा ते वीस मिनिटे सोडावे. बर्फ, तूप, दंतमंजन ह्यांना तेथे स्थान नाही. उन्हाच्या झळीने किंवा बंद मोटारीत कोंडले गेल्याने मांजर धापा टाकीत असेल, तर साध्या पाण्याने अंग भिजवून पंखा लावावा. बर्फाच्या पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते.

विजेचा धक्का बसलेल्या मांजराला हात लावण्याआधी मुख्य बटण बंद करावे. एरवी पाठोपाठ माणसाला इस्पितळात न्यावे लागते. झटके येत असतील तर तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. फीट आलेल्या माणसाला कांदा किंवा जोडा हुंगविण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती माणसालाही निरुपयोगीच. मांजराच्या बाबतीत तरी तिची उजळणी नको. आसपासचे सामान दूर करावे, दिवा मंद करावा, आणि झटका किती मिनिटे टिकला हे घड्याळावर पाहावे. पाच मिनिटांहून अधिक टिकलेला किंवा लागोपाठ आलेला झटका ही आणीबाणी होय.

दोऱ्याचे संकट शिवणकामाच्या आणि गजऱ्यांच्या घरात विशेष. मांजराची जीभ खरखरीत, आतल्या बाजूस वळलेल्या काट्यांची. एकदा तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणे तिला जमत नाही, तो गिळलाच जातो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढून काढण्याचा मोह अनावर होतो. तो आवरलाच पाहिजे. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलेले असते; ओढताच तो आतड्याला करवतीसारखा कापीत जातो.

श्वास आणि हृदय दोन्ही थांबले असतील, तर छाती दाबण्याचा उपाय उरतो. पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि २०२४ मध्ये त्यांची सुधारणा झाली. त्यांचे सार असे: मांजराला कुशीवर निजवावे, एका हाताची बोटे व अंगठा ह्यांच्या चिमटीत कोपरामागची छाती धरून मिनिटाला १०० ते १२० ह्या गतीने, छातीच्या रुंदीच्या एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दाबावी, दर तीस दाबांनंतर तोंड मिटून धरून नाकातून दोन हलके श्वास द्यावेत. ह्या उपायाने वाचणारी जनावरे थोडीच असतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु दवाखान्याच्या वाटेवर तो करणारा माणूस निदान निरुपाय म्हणून हात बांधून बसलेला नसतो.

माणसाची काळजी

येथे एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. वेदनेने व्याकूळ झालेले मांजर मालकाला ओळखीत नाही. ज्या हाताने दहा वर्षे खाऊ घातले, तो हातही ते चावते. त्यात त्याचा कृतघ्नपणा नसतो, भय असते. म्हणून जखमी मांजराला जाड टॉवेलात, डोके मोकळे ठेवून, गुंडाळून उचलावे. मांजराचे दात सुईसारखे असल्याने जखम वरून लहान दिसते आणि जंतू खोल जातात. त्याहून मोठे भय पिसाळरोगाचे. हा रोग केवळ कुत्र्यापासून होतो ही समजूत चुकीची आहे. पिसाळलेल्या मांजराच्या चाव्यानेही तो होतो, आणि लक्षणे उमटल्यावर त्यावर परिणामकारक इलाज नाही. चावा बसताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी माणसाच्या डॉक्टरकडे जाऊन लशीविषयी विचारणे, हा मांजराच्या प्रथमोपचाराचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे. लुई पाश्चरने १८८५ मध्ये पिसाळरोगाची लस प्रथम माणसाला टोचली. त्यानंतर इतका काळ लोटूनही चाव्यावर मिरची व चुना लावणारी घरे आपल्याकडे आहेत, ही गोष्ट मांजरापुरती राहत नाही.

चैन की कर्तव्य

येथवर वाचून एखादा वाचक विचारील, की ज्या देशात माणसाला वेळेवर रुग्णवाहिका मिळत नाही, तेथे मांजराच्या प्रथमोपचारावर इतकी शाई खर्चावी काय? प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे, की दयेचा साठा ठराविक आहे आणि मांजराला दिलेला पैसा-वेळ माणसाच्या वाट्यातून वजा होतो. जखम दाबून धरण्यास खर्च येत नाही. गोळी न देण्यास तर मुळीच येत नाही. उलट जखम धुणे, भाजल्यावर पाणी सोडणे, झटक्याच्या वेळी तोंडात काही न घालणे, विजेचे बटण आधी बंद करणे, हे नियम जनावराला जितके लागू तितकेच माणसालाही लागू आहेत. घरातील मूल मांजराच्या निमित्ताने ते शिकले, तर उद्या आजोबांच्या वेळी ते विसरणार नाही.

शिवाय हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत नोंदले गेले. कायदा क्रूरतेला शिक्षा करू शकतो. अज्ञानाला कोणती शिक्षा करणार? दया हे कर्तव्य असेल, तर ती कशी करावी हे जाणून घेणेही कर्तव्यच ठरते. अडाणी दयेने पाजलेले दूध फुप्फुसात गेले, तर जनावराच्या दृष्टीने ती दया आणि क्रूरता यांत फरक उरत नाही.

अर्थात सर्व भार नागरिकावर टाकून चालणार नाही. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालत आलेले. नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये स्थापन झाले. विद्येची परंपरा आहे, परंतु ती सामान्य घरापर्यंत मराठीतून पोहोचविण्याची परंपरा मात्र क्षीण आहे. ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी गाय, बैल, म्हैस यांच्यासाठी बसविली गेली, ते रास्तही होते. पण आता तालुक्याच्या गावीही मांजरे घरात आली आहेत आणि त्यांचे अपघात रात्री-अपरात्रीच अधिक जाणवतात. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले. परंतु साताऱ्याच्या किंवा परभणीच्या माणसाला रात्री दोन वाजता त्याचा काय उपयोग? जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा तरी दवाखाना पाळीपाळीने रात्रभर उघडा ठेवणे, दूरध्वनीवरून निदान काय करू नये एवढे सांगण्याची सोय करणे, एक पानी मराठी पत्रक प्रत्येक औषधाच्या दुकानात लावणे, ह्या गोष्टी फार मोठ्या खर्चाच्या नाहीत. वेदनाशामक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘मांजरास देऊ नये’ ही तीन शब्दांची सूचना छापावयास तर फक्त इच्छा लागते. शाळांतून प्रथमोपचाराचे पाठ होतात. त्यांत पाळीव प्राण्यांवर एक तास घालण्याची मुभा शिक्षकाला असली, तर मुले तो तास इतर तासांहून अधिक लक्ष देऊन ऐकतील, यात शंका नाही.

सरकारी यंत्रणा हलावयाची तेव्हा हलो; घराने तरी तिची वाट पाहू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड आहे. ती मोडावयाची तर एका सुटीच्या सकाळी अर्धा तास पुरे. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात स्वच्छ कापडाच्या घड्या, पट्टीचा गुंडाळा, बोथट टोकाची कात्री, जाड टॉवेल आणि तापमापक ठेवावा. मांजर न्यावयाची झाकणाची टोपली माळ्यावर न टाकता हाताशी ठेवावी, आणि अधूनमधून मांजराला तीत बसण्याची सवय करावी. दारामागे एक कागद चिकटवावा. त्यावर जवळच्या आणि रात्री भेटणाऱ्या अशा दोन पशुवैद्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि मांजराचे वजन लिहावे. त्याखाली ठळक अक्षरांत एवढेच असावे: गोळी नको, दूध नको, ओढाताण नको, उशीर नको. सोन्याचे मांजर करण्याची ऐपत थोड्यांचीच. हा कागद मात्र कोणालाही परवडण्यासारखा आहे.